मुक्या चित्रांची भाषा

आज चित्रपट बोलतो, गातो, गर्जतो. तो घरात बसून पाहता येतो. एवढेच नव्हे तर तळहातावरील यंत्रातही मावतो. परंतु एक काळ असा होता की, पांढऱ्या पडद्यावर माणसे चालत, धावत, हसत आणि रडत. पण त्यांच्या मुखातून शब्द म्हणून बाहेर पडत नसे. तरीही त्या मुक्या चित्रांनी लहानथोरांना वेड लावले होते. या मुक्या चित्रांना आपल्या देशाच्या कथा सांगायला ज्यांनी शिकवले, ते धुंडिराज गोविंद फाळके. सारा महाराष्ट्र त्यांना दादासाहेब फाळके या नावाने ओळखतो.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर या क्षेत्री झाला. त्यांचे वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे गाढे विद्वान होते. मुलाने आपल्याप्रमाणेच शास्त्राध्ययन करावे, असे अशा घरात कोणालाही वाटावे. परंतु धुंडिराजांचे मन पोथीपेक्षा रंगांत आणि आकारांत अधिक रमे. पुढे दाजीशास्त्र्यांना मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात संस्कृत शिकवण्याचे काम मिळाले व फाळके कुटुंब मुंबईस आले. तेथे १८८५ साली धुंडिराजांनी सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत प्रवेश घेतला. चित्रकलेचे प्राथमिक शिक्षण झाल्यावर ते बडोद्याच्या कलाभवनात गेले. तैलचित्रे, छायाचित्रण, मूर्ती घडवणे, वास्तुकला, छपाई, असे जे जे हाताने आणि डोळ्यांनी शिकण्याजोगे होते, ते ते त्यांनी तेथे झपाट्याने आत्मसात केले. एका परदेशी जादूगाराकडून ते जादूचे प्रयोगही शिकले. हे प्रयोग करताना त्यांनी स्वतःस एक गमतीचे नाव घेतले होते. फाळके हे आडनाव उलट्या क्रमाने वाचून ते रंगमंचावर प्रोफेसर केळफा होत असत! पाहणाऱ्याच्या डोळ्यांना चकवून त्याला आनंद कसा द्यावा, याचा हा पहिला धडा त्यांना पुढे फार उपयोगी पडला.

तारुण्यातील त्यांचा मार्ग मात्र सुखाचा नव्हता. गुजरातेत गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रांचा व्यवसाय मांडला. पण प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी आणि मूल यांचा अंत झाला. खचलेल्या मनाने त्यांना ते गाव सोडावे लागले. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नीचे नाव सरस्वतीबाई. त्यानंतर दादासाहेबांनी पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी धरली. तो स्वदेशीच्या चळवळीचा काळ होता. सरकारी नोकरी सोडून त्यांनी छपाईचा धंदा सुरू केला. प्रसिद्ध चित्रकार राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या छपाईचे कामही त्यांनी केले. नवी यंत्रे व नवे तंत्र यांची माहिती मिळवण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीस जाऊन आले. परंतु भागीदारांशी त्यांचे पटेना. अखेर आपणच उभारलेल्या धंद्यातून ते रिकाम्या हातांनी बाहेर पडले. वयाची चाळिशी आली होती, पदरी मुले होती आणि हाताला काम नव्हते.

अशा उदास दिवसांत, १९१०-११ च्या सुमारास, मुंबईत गिरगाव भागातील एका तंबूत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील एक मूकपट पाहिला. हलती चित्रे मुंबईस नवी नव्हती. फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंच्या चित्रांचा खेळ ७ जुलै १८९६ रोजी तेथील वॉटसन हॉटेलात झाला होता. सावेदादा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी तर १८९९ साली एका कुस्तीचे चित्रीकरणही केले होते. परंतु त्या रात्री दादासाहेबांनी पडद्यावर जे पाहिले, त्याहून अधिक मनात पाहिले. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि त्यांच्या डोळ्यांपुढे गोकुळातील कृष्ण व अयोध्येचा राम उभे राहत होते. परदेशी लोक आपल्या कथा अशा जिवंत करू शकतात, तर आपल्या कथा आपण का करू नयेत, या एकाच विचाराने त्यांना पछाडले. दुसऱ्या खेळास ते सरस्वतीबाईंनाही घेऊन गेले आणि आपला निश्चय त्यांनी त्यांना सांगितला.

त्या दिवसापासून दादासाहेबांना दुसरे काही सुचेना. मिळेल तो चित्रपट ते पाहत. दिवसभर पुस्तके वाचीत, किमतींची सूचिपत्रे चाळीत, एका स्वस्त खेळण्यातल्या यंत्राने प्रयोग करीत. झोप अशी दोन-तीन तासच मिळे. या अतिश्रमाचा परिणाम डोळ्यांवर झाला. दृष्टी अधू होत होत ती जवळजवळ नाहीशी झाली. ज्याचे सारे जीवन डोळ्यांवर अवलंबून, त्यालाच अंधत्व यावे, याहून मोठे संकट ते कोणते? पण एका डॉक्टरांनी मनापासून उपचार केले, निरनिराळे चष्मे दिले आणि गेलेली दृष्टी हळूहळू परत आली. दुसरा कोणी असता, तर त्याने या छंदाला हात जोडले असते. दादासाहेबांनी मात्र दृष्टी येताच पुन्हा तेच काम हाती घेतले.

यंत्रसामग्री आणण्यासाठी विलायतेस जाणे आवश्यक होते. विम्याची पॉलिसी गहाण टाकून त्यांनी पैसा उभा केला व फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनकडे निघाले. तेथे त्यांची ओळखदेख कोणाशीच नव्हती. एका चित्रपटविषयक साप्ताहिकाची पाटी पाहून ते सरळ त्याच्या संपादकांच्या भेटीस गेले. संपादकांनी हिंदुस्थानात हा धंदा चालणे कठीण असल्याचे सांगून त्यांना सावध केले. पण त्यांची निष्ठा पाहून सेसिल हेपवर्थ या नामवंत निर्मात्याच्या चित्रशाळेत त्यांना प्रवेश मिळवून दिला. तेथील काम पाहून, कॅमेरा व फितीला भोके पाडण्याचे यंत्र विकत घेऊन, दोनच महिन्यांत दादासाहेब मुंबईस परतले.

आता भांडवल हवे होते. पण नुसत्या कल्पनेवर पैसा कोण देणार? तेव्हा दादासाहेबांनी एक नामी युक्ती योजली. एका कुंडीत त्यांनी वाटाण्याचा दाणा पेरला आणि तिच्यासमोर कॅमेरा पक्का बसवला. रोज थोडे थोडे चित्रीकरण करीत त्यांनी वाटाण्याची वेल होईपर्यंतचा सारा क्रम टिपला. पडद्यावर ते चित्र लागले, तेव्हा काही क्षणांत दाण्यातून कोंब निघाला, पाने फुटली आणि वेल सरसर वर चढली. महिन्याभराचे काम निसर्ग डोळ्यांदेखत करून दाखवीत आहे, असा भास होऊन पाहणारे थक्क झाले. शब्द एकही नव्हता. पण त्या मुक्या वेलीने सावकाराचे मन वळवले. कर्जाची सोय झाली. उरलेली उणीव सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनी भरून काढली.

चित्रपटासाठी कथा निवडली ती सत्यवचनी राजा हरिश्चंद्राची. दत्तात्रय दामोदर दाबके हे हरिश्चंद्र झाले. दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र हा रोहिदास झाला. अडले ते तारामतीपाशी. त्या काळी चित्रपटात काम करणे इतके हलके मानले जाई की, कोणतीही स्त्री त्यासाठी पुढे येईना. दादासाहेबांनी पुष्कळ शोध घेतला व अखेर एका खानावळीत काम करणारा साळुंके नावाचा तरुण निवडला. त्याला तेथे महिना १० रुपये मिळत. दादासाहेबांनी १५ देऊ केले आणि खानावळीतला हा तरुण अयोध्येची राणी झाला! स्त्रियांची कामे करणाऱ्या इतर पुरुषांपुढे वेगळाच पेच पडला. वडील हयात असताना मिशा काढणे त्यांना अशुभ वाटे. मिशा असलेल्या दासी पडद्यावर कशा दिसतील, हे दादासाहेबांना त्यांना परोपरीने समजावून सांगावे लागले. चित्रपटात काम करतो, असे सांगण्याची नटांना लाज वाटू नये, म्हणून त्यांनी आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीस आहोत असे लोकांना सांगावे, अशी तोडही त्यांनी काढली.

या कारखान्याचा खरा आधार सरस्वतीबाई होत्या. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करीत. दिवसा उन्हाचा प्रकाश नटांच्या चेहऱ्यावर पडावा म्हणून त्या पांढरी चादर धरून तासन् तास उभ्या राहत आणि रात्री मंद प्रकाशात फितीला भोके पाडण्यास व फीत धुण्यास मदत करीत. सुमारे सात महिन्यांच्या अशा परिश्रमांनंतर ३,७०० फूट लांबीचा राजा हरिश्चंद्र तयार झाला. ३ मे १९१३ रोजी तो गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांपुढे आला. त्याच्या जोडीला नृत्य, विनोदी नकला आणि पायांनी वस्तू झेलण्याची कसरतही ठेवली होती. त्या काळी एखादा चित्रपट चार-आठ दिवस चालला तरी पुष्कळ. हा २३ दिवस चालला.

सुरत शहरी मात्र पहिल्या खेळाला अवघे तीन रुपये जमले. एवढ्याच पैशांत सहा-सहा तासांचे नाटक मिळत असता, दीड तासाच्या मुक्या खेळाला कोण येणार? चित्रपटगृहाचा मालक कुरकुरू लागला. दादासाहेबांनी खेळ लांबवला नाही आणि दरही उतरवला नाही. त्यांनी केवळ जाहिरात बदलली. अवघ्या तीन आण्यांत ५७ हजार छायाचित्रे पाहा, तीही दोन मैल लांबीच्या पट्टीवर, असे त्यांनी जाहीर केले. एक फूट फितीवर १६ छायाचित्रे मावतात. तेव्हा पहिला आकडा खरा होता. दोन मैलांची गोष्ट मात्र बरीच ताणलेली होती, कारण सगळी फीत मोजली तरी एक मैलसुद्धा भरली नसती! पण लोकांचे कुतूहल जागे झाले आणि उत्पन्न झपाट्याने वाढले. रंगमंचावरचा प्रोफेसर केळफा येथेही उपयोगी पडला तो असा.

त्या मुक्या चित्रांत असे कोणते आकर्षण होते, हे समजून घेतले पाहिजे. नाटकाला भाषा लागते. ती न कळली तर नाटक कळत नाही. मूकपटाला भाषेची अडचण नव्हती. मधून मधून पडद्यावर चार ओळी लिहून येत, तेवढेच शब्द. बाकी सारे डोळे, भुवया, हात आणि पाय बोलत. म्हणून जे मुंबईच्या शिकलेल्या माणसास कळे, तेच बुलढाणा-मेहकरकडच्या अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्यासही कळण्याजोगे होते. विनोदी मूकपटांची मोहिनी तर याहून अधिक. फ्रान्सचा माक्स लिंडर आणि पुढे १९१४ पासून चार्ली चॅप्लिन यांनी आपल्या मूक अभिनयाने साऱ्या जगाला हसवले. एखादा लाजाळू तरुण आपल्या आवडत्या मुलीला फूल द्यायला जातो आणि नेमका तिच्या वडिलांच्या अंगावर आदळतो. रुसलेली पत्नी पाठ फिरवते आणि पतीची त्रेधा उडते. अशा प्रसंगांना शब्द कशाला हवेत? मनात प्रेम असते, ते सांगण्याचे धैर्य नसते, आणि मग हातपायच ते सांगून टाकतात. माणसाची ही फजिती सर्व देशांत सारखीच असते. म्हणून तिच्यावरचे हसूही सारखेच असते. त्या हसण्यात हेटाळणी नसते. पडलेला माणूस उठून अंग झाडतो आणि पुन्हा फूल उचलतो, तेव्हा त्याच्याविषयी आपल्याला मायाच वाटते.

हे मर्म दादासाहेबांनी चांगले ओळखले होते. त्यांच्या दुसऱ्या चित्रपटाची, मोहिनी भस्मासुराची, कथाच पाहावी. ज्याच्या मस्तकी हात ठेवील तो भस्म होईल, असा वर भस्मासुराला मिळालेला असतो. हा उन्मत्त असुर मोहिनीच्या रूपावर भुलतो. ती नाचते तसा तोही नाचू लागतो. ती हात वर करते, तो हात वर करतो. ती कमरेवर हात ठेवते, तोही ठेवतो. आणि शेवटी तिने आपल्या मस्तकी हात ठेवताच तोही स्वतःच्या मस्तकी हात ठेवतो व भस्म होतो. प्रेमाने वेडा झालेल्याची नक्कल, तिच्यातील हास्य आणि तिच्यातून निघणारा बोध, हे सारे या कथेत एकही शब्द न बोलता दाखवता येते. मूकपटासाठी याहून योग्य कथा क्वचितच सापडेल. या चित्रपटात स्त्रियांनी प्रथमच स्त्रियांची कामे केली. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची तेरा वर्षांची कन्या कमलाबाई मोहिनी झाली. याच्या जोडीला दादासाहेबांनी पिठाचे पंजे नावाचा एक छोटा विनोदी चित्रपटही दाखवला. देवादिकांच्या कथांनी भारावलेल्या प्रेक्षकाला घरी जाताना थोडे खळखळून हसताही आले पाहिजे, ही त्यांची दृष्टी होती.

पुढे १९१७ साली लंकादहन हा चित्रपट आला. त्यात राम आणि सीता ही दोन्ही कामे साळुंके यांनीच केली. पडद्यावर राम आला की प्रेक्षक पायांतील जोडे काढून ठेवीत. मुंबईत या चित्रपटाचे खेळ सकाळी सातपासून पहाटे तीनपर्यंत चालत. मद्रासेत तर तिकिटांच्या नाण्यांच्या थैल्या पोलिसांच्या पहाऱ्यात बैलगाडीतून न्याव्या लागल्या. १९१९ च्या कालियामर्दनात दादासाहेबांची चिमुकली कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली. त्या चित्रपटाच्या आरंभी दादासाहेबांनी एक मोठी सुंदर गोष्ट केली. कथा सुरू होण्यापूर्वी त्यांनी मंदाकिनीचा नुसता चेहरा दाखवला आणि त्यावर एकामागून एक निरनिराळे भाव उमटताना दाखवले. मुक्या चित्रांची वर्णमाला कशी असते, तेच जणू त्यांनी प्रेक्षकांना शिकवले. मग गोकुळातील खोडकर कृष्णाची कथा त्या भाषेत वाचायला कोणालाच अडचण पडली नाही.

दादासाहेब १९१४ साली पुन्हा लंडनला गेले, तेव्हा त्यांच्या चित्रपटांची तेथे वाखाणणी झाली. तिकडेच राहून चित्रपट काढावेत, यासाठी त्यांना मोठ्या पगाराचे आमंत्रण आले. घरी कर्ज होते, महायुद्धाचे सावट होते. तरीही त्यांनी ते नाकारले. हा धंदा आपल्या देशात रुजावा हेच त्यांचे ध्येय होते. १९१८ साली भागीदारांच्या साहाय्याने नाशिक येथे हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. परंतु कलावंताची दृष्टी आणि व्यापाऱ्याचा हिशेब यांचे जमले नाही. कंटाळून दादासाहेब काही काळ काशीस जाऊन राहिले व तेथे त्यांनी रंगभूमी हे नाटक लिहिले. नंतर ते कंपनीत परतले खरे. पण पूर्वीचे दिवस परतले नाहीत.

१९३१ साली आलम आरा हा बोलपट आला आणि मुकी चित्रे एकाएकी जुनी झाली. दादासाहेबांनी मोठ्या कष्टाने काढलेला सेतुबंधन हा मूकपट तयार होईपर्यंत लोकांना आवाजाची गोडी लागली होती. त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ साली कोल्हापुरात त्यांनी गंगावतरण हा आपला एकमेव बोलपट पुरा केला. त्या वेळी त्यांचे वय ६७ वर्षांचे होते. त्यानंतर ते नाशकात राहिले. ज्यांनी एका काळी बैलगाडी भरून नाणी मिळवली, त्यांच्याजवळ उतारवयात पैसा उरला नव्हता. कारण मिळालेला प्रत्येक रुपया त्यांनी पुढच्या चित्रपटात घातला होता. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांनी देह ठेवला.

दादासाहेबांनी सुमारे ९५ चित्रपट आणि २६ लघुपट काढले. त्यांतील फारच थोडे आज शिल्लक आहेत. काळाने बहुतेक फिती नष्ट केल्या. पण त्यांनी घालून दिलेली वाट नष्ट झाली नाही. त्यांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास, १९६९ साली, भारत सरकारने त्यांच्या नावाने चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार सुरू केला.

दादासाहेबांच्या हाती आवाज नव्हता, रंग नव्हते, विजेचे प्रखर दिवे नव्हते. होता तो केवळ सूर्याचा प्रकाश, हाताने फिरवायचा एक कॅमेरा, पांढरी चादर धरून उन्हात उभी राहिलेली पत्नी आणि एकदा गमावून पुन्हा मिळालेली दृष्टी. एवढ्या अपुऱ्या साधनांनी त्यांनी कोट्यवधी लोकांना हसवले, रडवले आणि आपल्याच कथा नव्याने दाखवल्या. साधनांची उणीव सांगत बसणारा मनुष्य तेथेच राहतो; आहे त्या साधनांतून मार्ग काढणारा मात्र एक दिवस मुक्या चित्रांनाही बोलावयास लावतो.